गुप्ते काकूंचा औदुंबर

गुप्ते काकूंच्या दाराला बेल होती, पण ती वाजवली की दार उघडायचं नाही. आधी दाराशेजारची खिडकी उघडायची, तीही बोटभर. त्या फटीतून एक डोळा दिसायचा. तुम्ही कोण, कशाला आलात, हातातल्या पिशवीत काय आहे आणि तुमच्यामागे जिन्यात आणखी कोणी उभं आहे का, एवढं सगळं त्या डोळ्याला कळल्याशिवाय दाराची कडी निघत नसे. मी नवीन पनवेलच्या त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा तळमजल्यावरच्या या बाईंकडे विरजण मागायला गेले होते. "वरच्या मजल्यावर आलेय, नवीन," मी फटीला सांगितलं. "ते ट्रकवरच्या सामानावरून कळलं," फट म्हणाली. "पण कपाट एकच उतरलं. दुसरं मागून येणार आहे, की नाहीच?" नाहीच आहे म्हटल्यावर कडी निघाली. ज्या घरात एकच कपाट आहे त्या घरातल्या बाईला विरजण द्यायला हरकत नाही, असा काहीतरी त्यांचा हिशेब असावा.

विरजण दिलं ते घट्ट आणि गोड होतं. पण देताना विचारलंच, "दूध कुणाचं घेता?" मी नाव सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. तो दूधवाला फार हसून बोलतो, म्हणाल्या. "हसून बोलणाऱ्याच्या दुधात बोट घालून बघावं."

काकू तेव्हा साठीच्या जवळपास होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि पदर कायम कमरेला खोचलेला. गुप्ते काका उरणकडच्या एका कंपनीतून निवृत्त झाले होते आणि बोलण्यातूनही निवृत्त झाल्यासारखे होते. घरातलं सगळं बोलणं काकूंनी आपल्या अंगावर घेतलं होतं. वसाहतीत त्यांना मागून 'सीआयडी' म्हणत, हे त्यांना माहीत होतं. एकदा मलाच म्हणाल्या, "मी संशय घेत नाही गं. मी खात्री करून घेते. खात्री झाली नाही, तर त्याला मी काय करू?"

आणि या खात्री करून घेणाऱ्या बाईचा देवावर मात्र इतका विश्वास होता की पाहणाऱ्याला नवल वाटावं. सकाळी सातला आंघोळ करून ओल्या केसांनी त्या बागेत जायच्या आणि तिथल्या औदुंबराला प्रदक्षिणा घालायच्या. त्या वेळी कोणी हाक मारली तर ओ द्यायच्या नाहीत. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी चालायचं. दत्ताच्या बाबतीत त्यांनी कधी काही तपासून पाहिलं असेल, असं मला वाटत नाही.

त्या बागेबद्दल सांगायला हवं. चार इमारतींच्या मध्ये नगररचनावाल्यांनी एक मोकळा भूखंड सोडला होता. नकाशात तिथे उद्यान होतं, जमिनीवर राडारोडा आणि काँग्रेस गवत. रहिवासी मंडळाने तो साफ केला आणि लोकांनी आपापल्या गावाहून रोपं आणली. बकुळ, सोनचाफा, मोगऱ्याचे वाफे, कुंपणाला जास्वंद आणि मुलांसाठी एक लोखंडी झोपाळा. औदुंबर मात्र कोणी लावलेला नव्हता. इथे शेतं होती तेव्हापासून तो बांधावर उभा होता. आता तो बागेच्या कडेला, आमच्या इमारतीसमोर आला होता. काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो समोरच दिसायचा, आणि उन्हाळ्यात त्याची सावली त्यांच्या ओट्यापर्यंत यायची.

बागेला पाणी घालायची पाळी प्रत्येक इमारतीला ठरवून दिली होती, आणि पाळी नीट झाली की नाही ते पाहायचं काम काकूंनी स्वतःकडे घेतलं होतं, कोणी दिलं नव्हतं. त्या वाफ्याशी बसायच्या आणि मातीत बोट खुपसायच्या, पार दुसऱ्या पेरापर्यंत. "वरून ओलं केलंय, आत ठणठणीत," असं त्या भर बागेत म्हणाल्या की त्या इमारतीतली माणसं दोन दिवस त्यांच्यासमोरून जायची टाळायची. तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा सुटला की त्या पानं उलटून बघायच्या, पांढरी भुकटी बसली आहे का म्हणून. जास्वंदीची फुलं पहाटे कोण तोडतं, हे शोधायला त्या एकदा हळदीकुंकवाच्या निमित्ताने सगळ्यांच्या देवघरांत डोकावून आल्या होत्या. चोर सापडला, पण नाव त्यांनी कोणाला सांगितलं नाही. "देवालाच वाहिलीत ना. मला फक्त कळायला हवं होतं," म्हणाल्या.

तर अशा आमच्या वसाहतीत एका सकाळी तीन पायांचं यंत्र घेऊन दोन माणसं आली. एक यंत्रातून बघे, दुसरा लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी धरून बागेच्या कडेकडेने सरके. तेव्हा पनवेलमध्ये रेल्वेचं बोलणं रोज चालायचं. कोकणात जाणारी गाडी, मुंबईहून थेट येणारी लोकल, नवं मोठं स्टेशन. बँकेत माझ्या काउंटरवर येणारा प्रत्येक जण जणू रेल्वेमंत्र्यांशी नुकताच बोलून आलेला असे. काकूंनी त्या दोघांना हाकललं नाही. उलट आलं घातलेला चहा करून नेला, साखर जास्त घालून.

"काय मोजताय, दादा?"

"काय नाय मॅडम, नुसती लेव्हल घेतोय."

"नुसतं कोणी काही घेतं का?" काकू म्हणाल्या, आणि तिथेच कट्ट्यावर बसल्या. दुसरा कप झाल्यावर कळलं ते असं: स्टेशनकडे जाणारा मोठा रस्ता इथून काढायचा विचार आहे. बागेची आमच्या बाजूची कड त्यात जाईल, एक पट्टा. औदुंबर त्या पट्ट्यात आहे. मग काकूंनी आणखी एक प्रश्न विचारला. तो त्यांना तेव्हा का सुचला, देव जाणे. "आणि मध्ये देऊळ आलं तर?"

"मग लाइन वळवायला लागते," काठीवाला म्हणाला. "देवळाला कोन हात लावल? आतून घेतात मग."

"आतून म्हणजे?"

त्याने काठी बागेच्या मधोमध रोवून दाखवली. बकुळीच्या पलीकडे, झोपाळ्याजवळ.

मंडळाची सभा आमच्या इमारतीखाली, गाड्या लावायच्या जागेत झाली. सुर्वे आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि मंडळाचे अध्यक्ष होते. सरकारी कचेरीत नोकरी, बोलणं साखरेत घोळवलेलं, आणि प्रत्येक वाक्यात 'वरपर्यंत' हा शब्द. रस्ता म्हणजे विकास आहे, पण बाग म्हणजे आपला श्वास आहे, असं बरंच बोलून झाल्यावर ते मुद्द्यावर आले. अर्ज-विनंत्यांनी काही होणार नाही. ते वरपर्यंत पाहून आले आहेत. उपाय एकच. औदुंबराखाली एक दगड ठेवायचा, शेंदूर लावायचा. एकदा शेंदूर लागला की कोणाची हिंमत आहे?

सभेत एकदम उत्साह आला. औदुंबर आहे म्हणजे दत्तच हवा, असं एकाने म्हटलं. दत्ताला शेंदूर लावतात का, असं दुसऱ्याने विचारलं. तिसऱ्याला मारुती हवा होता, आणि पलीकडच्या इमारतीतल्या बायकांचं गणपतीवर एकमत झालं. शेवटी सुर्व्यांनी हात वर केला. "आधी दगड ठेवू. कुठला देव ते नंतर ठरवू." सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. औदुंबराला रोज प्रदक्षिणा घालणारी बाई, त्या पहिला नारळ फोडणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं.

"कुठला देव ते अजून ठरलेलं नाही, आणि रस्ता त्याला घाबरणार?" काकू म्हणाल्या. "माझा विरोध आहे."

मग काकूंनी काठीवाल्याने जे दाखवलं ते सांगितलं. रस्ता मागे फिरत नाही, तो वळतो, आणि वळायला जागा बागेतच आहे. आज कड जाईल, देव ठेवला तर मधली बाग जाईल. "आणि सुर्वे, मी तुमच्या गॅलरीत उभी राहून पाहिलंय. कडेने रस्ता झाला तर तो तुमच्या झोपायच्या खोलीखालून जातो. आतून वळला तर लांब जातो."

सुर्वे हसले. "तुमचं स्वयंपाकघर तर त्याहून जवळ आहे, काकू."

"आहे ना. म्हणून तर तुमच्या मनातलं मला लगेच कळलं. माझ्याही मनात आधी तेच आलं होतं."

आमच्या इमारतीतल्या सगळ्यांच्याच खिडक्या त्या बाजूला होत्या, माझीही. त्यामुळे काकूंच्या या बोलण्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सभा ठराव न होताच उठली, आणि दुसऱ्या दिवसापासून मजेशीर गोष्ट सुरू झाली. आयुष्यभर लोकांवर नजर ठेवणाऱ्या बाईवर लोकांनी नजर ठेवायला सुरुवात केली. काकूंच्या भावाने स्टेशनजवळ दुकानाचा गाळा घेतलाय, असं कोणी म्हणालं. त्यांना भाऊच नाही, असं मी सांगितलं, तर मग दीर असेल म्हणाले. त्या मोजणीवाल्यांना चहा द्यायला कशा धावल्या, हे आता सगळ्यांना आठवू लागलं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्यांना कोणी बोलावलं नाही. काकूंना याचं दुःख झालं नाही असं नाही. संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या, कैरीची डाळ वाटीत घेऊन, आणि म्हणाल्या, "पहिल्यांदाच कोणाच्या घरी न जाता केली. खाऊन बघ, मीठ लागलंय का." डोळे ओले होते. मी डाळ खाल्ली आणि मीठ बरोबर लागलंय एवढंच सांगितलं, कारण कोणी समजूत घातलेली त्यांना आवडायची नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, एका मंगळवारी सकाळी, औदुंबराखाली देव प्रगट झाला.

हातभर लांबीचा दगड, अर्धा मातीत, वरपासून खालपर्यंत शेंदूर. समोर उदबत्त्या, फोडलेला नारळ. सुर्वे आंघोळ करून, गंध लावून उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "स्वयंभू आहे. मातीतूनच वर आलाय." दुपारपर्यंत बाजूच्या सेक्टरमधून बायका यायला लागल्या. मोगऱ्याच्या वाफ्यात चपलांचा ढीग पडला. दुसऱ्या दिवशी वर पत्रे घालायचं ठरत होतं.

काकू त्या दिवशी प्रदक्षिणेला गेल्या नाहीत. खिडकीच्या फटीतून दिवसभर बघत होत्या. मी बँकेतून आले तेव्हा त्यांनी मला आत घेतलं आणि विचारलं, "उद्या रजा काढशील?" त्या जवळच्या देवळातल्या गुरुजींकडे जाऊन आल्या होत्या. उत्तरपूजा करून द्या, म्हणून. गणपती उठवताना करतात तशी. गुरुजींनी हात जोडले होते. मला या भानगडीत पाडू नका, मला इथेच राहायचंय.

"मग?" मी म्हटलं.

"मग मीच करणार. शेंदूर कोणी लावला ते मला माहीत आहे, ते सोड. पण लागलाय ना? लागलेल्या शेंदराला मी लाथ मारणार नाही. पाहुणा आलाय, त्याला मानाने पाठवायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात, सगळ्यांच्या देखत, काकू बागेत गेल्या. ताम्हन, हळदकुंकू, अक्षता, दहीपोह्यांचा नैवेद्य. मंत्र त्यांना येत नव्हते. त्यांनी आरती म्हटली, एकट्याच, आवाज फाटत होता तरी. मग अक्षता वाहिल्या आणि दगड हातांनी हलवला. भोवती बरीच माणसं जमली होती. सुर्वे पुढे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "काकू, देव हलवताय. घरात तुमच्या माणसं आहेत."

"म्हणूनच हात जोडून हलवतेय," काकू म्हणाल्या.

त्यांना अडवायला कोणीच हात पुढे केला नाही. अडवायचं म्हणजे दगडाला हात लावायला हवा होता, आणि तेवढं धाडस तो ठेवणाऱ्यांमध्येही नव्हतं. गुप्ते काकांनी मातीत बसून दुसऱ्या बाजूने जोर लावला आणि तो निघाला. कोपऱ्यावरचा किराणावाला उस्मान दुकानातून धावत आला. "काकू, टेंपो उभाच हाय माजा. नदीवर सोडतो की."

"नको रे बाबा. तुझ्या टेंपोतून गेला तर उद्या तुझ्या दुकानाला फळ्या राहणार नाहीत." उस्मानने मग रस्त्यावर जाऊन आमच्यासाठी रिक्षा थांबवली.

रिक्षात काकूंनी दगड मांडीवर घेतला होता. लुगड्याला शेंदूर लागला होता. वाटेत त्यांनी पदराने त्याची मागची बाजू थोडी पुसली आणि मला दाखवली. शेंदराखाली टाकीचे बारीक घाव होते, ओळीने. "पाटा आहे गं. फुटका पाटा. याच्यावर कोणीतरी चटण्या वाटल्यात." मी हसले. त्या हसल्या नाहीत. "आता देव आहे," म्हणाल्या, आणि गाढी नदीच्या पाण्यात गुडघाभर आत जाऊन त्यांनी तो दोन्ही हातांनी खाली ठेवला.

त्या पावसाळ्यात वसाहतीत जे जे वाईट झालं ते काकूंच्या नावावर जमा झालं. कोणाचा पाय मोडला, कोणाचा मुलगा बारावीला बसला तो बसलाच, पाण्याची मोटर जळली. सुर्वे कधी स्वतः काही बोलले नाहीत. ते फक्त मान हलवायचे. काकू सगळं ऐकायच्या आणि पाण्याच्या पाळीला मातीत बोट खुपसून बघायच्या. फक्त आता कोणाला बोलायच्या नाहीत. कोरडं असेल तिथे स्वतःच बादली आणून ओतायच्या.

दिवाळीनंतर रस्त्याचं काम आलं. मुकादम, त्याची माणसं, आणि एक तरुण इंजिनिअर, ज्याच्या डोक्यावरची टोपी त्याला मोठी व्हायची. कामावरची माणसं माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांतली होती, बाया-बापे दोन्ही. कुंपण निघालं, जास्वंदी निघाली. औदुंबराजवळ येऊन ती सगळी थांबली. मुकादमाने कुऱ्हाड खाली ठेवली.

"सायेब, ह्याला आमी हात नाय लावनार. औदुंबर हाय."

इंजिनिअरने समजावून पाहिलं, चिडून पाहिलं. माणसं सावलीत जाऊन बसली. दुसरीकडून माणसं आणली तरी हेच होणार, हे त्याला कळत होतं. सुर्वे तिथे होतेच. "राहू द्या ना साहेब," ते म्हणाले, "पवित्र झाड आहे. थोडंसं आतून घ्या." इंजिनिअरला ते पटलं. खरं तर त्याची सुटका झाली. "ठीक आहे," तो म्हणाला, "झाड ठेवू. थोडंसंच आतून घेऊ."

तुम्हाला वाटेल, काकूंना आनंद झाला असेल. झाड वाचत होतं. त्यांच्या ओट्यावरची सावली वाचत होती, धूळ आणि भोंगे लांब जात होते, आणि वसाहतीने जे त्यांना इतके महिने ऐकवलं ते आपोआप धुऊन निघणार होतं. कोणीही बाई तिथे हात जोडून घरी गेली असती. काकूंनी विचारलं, "थोडंसं म्हणजे किती?"

त्याने हात पसरून दाखवले.

"हात नको. फक्की मारून दाखवा."

तो वैतागला, पण बाईंच्या आवाजात काहीतरी होतं. त्याने चुन्याची फक्की मारायला लावली. पांढरी रेघ औदुंबराला वळसा घालून आत शिरली, मोगऱ्याच्या वाफ्यांवरून गेली, बकुळीच्या बुंध्याला लागून झोपाळ्याच्या पायांमधून पलीकडे निघाली. दुसरी रेघ त्याच्याही आत. दोन्हींच्या पलीकडे जे उरलं होतं त्यात कपडे वाळवायचा एखादा दोर बांधता आला असता. काकू त्या रेघेवरून चालत गेल्या, टोकापर्यंत, आणि परत आल्या. मग घरात गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा केस ओले होते. हातात ताम्हन होतं. त्यांनी औदुंबराला हळदकुंकू वाहिलं, प्रदक्षिणा घातल्या, रोज घालायच्या तेवढ्याच, आणि बुंध्याला डोकं टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मुकादमाकडे वळल्या. "बाबा, मी सांगते. तोडा. पाप माझ्यावर."

मुकादमाने मान हलवली. तो म्हातारा होता, काकूंच्याच वयाचा. "माय, नुसतं बोलून पाप दुसऱ्यावर जात नाय. तुमी पयला घाव घाला. मंग आमी घालू."

मी त्यांचा दंड धरला. "काकू, नका. झाड राहतंय ना? बाकीचं बघू नंतर." त्यांनी माझा हात सोडवला. रागाने नाही, हळूच.

कुऱ्हाड त्यांना उचलवत नव्हती. गुप्ते काका पुढे आले आणि त्यांनी मागून दांडा धरला. तेव्हाच मी त्यांचा आवाज बहुधा पहिल्यांदा नीट ऐकला. "चल, शकू," म्हणाले. दोघांनी मिळून घाव घातला. तो घाव कसला, साल नुसती फाटली. तिथून पांढरा चीक आला, दुधासारखा, आणि ओघळला. काकूंनी पटकन पदराने तो पुसला, लागलेल्या मुलाचं रक्त पुसावं तसा. आणखी आला, तोही पुसला. मग त्या बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "आता लवकर करा." झाड पडेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या. बायका रडत होत्या. काकूंचे डोळे कोरडे होते.

रस्ता झाला. गाड्या आल्या, धूळ आली, भोंगे आले. काकूंच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर रोज बोटाने नाव लिहिता यावं इतकी माती बसायची. सुर्वे वर्षभरात फ्लॅट विकून नेरुळला गेले. बाग राहिली, कडेची एक पट्टी सोडून सगळी. बकुळ आता दुसऱ्या मजल्याला लागली आहे. काकूंचं बरोबर होतं, असं त्यांना कोणी कधी सांगितलं नाही. लोक फक्त पुन्हा वाटीभर साखर मागायला यायला लागले, आणि त्या पुन्हा खिडकीच्या फटीतून विचारायला लागल्या, "कशाला हवीय?"

त्यांनी औदुंबर तोडला त्यानंतर त्यांना मी कुठल्याच झाडाला प्रदक्षिणा घालताना पाहिलं नाही. सकाळी त्या बागेत जायच्या त्या पाणी बघायला. त्यासाठी आता रस्ता ओलांडावा लागे. त्या कडेला यायच्या, दोन्हीकडे बघायच्या, मग वाकून पायातल्या चपला काढायच्या, हातात घ्यायच्या आणि अनवाणी पलीकडे जायच्या. पलीकडे गेल्यावर पुन्हा घालायच्या. मे महिन्यात डांबर वितळायचं तेव्हासुद्धा. चपला डांबरात चिकटतील म्हणून घाबरतात, असं लोक म्हणायचे. ट्रकवाले शिव्या द्यायचे. एक रिक्षावाला तर त्यांना ऐकू जाईल असं 'येडी' म्हणाला होता. मीसुद्धा बरेच दिवस त्यांच्या गुडघ्यांचं काहीतरी असेल असं समजत होते.

शेवटच्या आजारात काकू अंथरुणाला खिळण्याआधी एकदा आम्ही बरोबर बागेत चाललो होतो. त्या वाकल्या, चपला हातात घेतल्या, आणि मी पहिल्यांदा नीट पाहिलं की त्या कुठे वाकल्या. औदुंबर होता त्याच्या बरोबर समोर; ती जागा आता रस्त्याच्या मध्यावर आली होती. तिथून चालताना त्यांची पावलं हळू झाली.

पलीकडे गेल्यावर मी विचारलं, "काकू, तुम्ही तर उत्तरपूजा केली होती. झाडही पूजा करूनच तोडलंत. आता तिथे काय आहे?"

त्या चपला घालत होत्या. पाय लाल झाले होते. "मंत्र कुठे येत होते मला," त्या म्हणाल्या. "माझ्या नुसत्या सांगण्यावरून देव गेलाच असेल, असं कोण सांगणार?"

आणि मग मोगऱ्याच्या वाफ्याशी बसून त्यांनी मातीत बोट घातलं.